मधुमेही नेत्रविकाराची चाळणी तपासणी : स्वस्त कोणती, किफायतशीर कोणती?

गोव्यातील दर चार प्रौढांमागे किमान एकाला मधुमेह आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ या राष्ट्रव्यापी पाहणीचे एकत्रित निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा २६.४ टक्के हे गोव्याचे प्रमाण देशात सर्वाधिक ठरले. देशाची सरासरी ११.४ टक्के होती आणि मधुमेहींची एकूण संख्या १० कोटींच्या पुढे गेली होती. या आकड्यांची चर्चा आपल्याकडे पुष्कळ झाली. पण ती बहुधा साखर, आहार, व्यायाम आणि औषधे यांच्यापाशी थांबते. डोळ्यांकडे लक्ष जाते ते अंधुक दिसू लागल्यावर. मधुमेहामुळे होणाऱ्या नेत्रविकाराच्या बाबतीत तोवर बराच उशीर झालेला असतो.

हा विकार वेळेत सापडला तर दृष्टी वाचवता येते, म्हणून मधुमेहींच्या डोळ्यांची नियमित तपासणी व्हायला हवी, याविषयी वैद्यकशास्त्रात दुमत नाही. मतभेद आहेत ते पुढच्या प्रश्नांवर. ही तपासणी कोणी करावी? कोणत्या साधनाने करावी? किती वर्षांनी करावी? आणि सरकारी तिजोरीतला मर्यादित पैसा कोणत्या पद्धतीवर घातला, तर त्यातून अधिकांत अधिक लोकांची दृष्टी वाचेल? गेल्या तीन दशकांत या प्रश्नांवर जगभर आणि भारतातही काटेकोर हिशेब मांडले गेले आहेत. त्यांचा हा परिचय.

विकाराचे स्वरूप

डोळ्याच्या मागील बाजूस प्रकाश ग्रहण करणारा जो पातळ पडदा असतो, त्याला दृष्टिपटल म्हणतात. रक्तातील साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली, की या पडद्यातील केशवाहिन्या कमकुवत होतात. त्यांना सूक्ष्म फुगे येतात, त्यांतून रक्त व द्रव पाझरू लागतो. या अवस्थेला ‘डायबेटिक रेटिनोपॅथी’ म्हणतात. पाझरलेला द्रव पडद्याच्या मध्यबिंदूपाशी साचला, तर वाचन, चेहरे ओळखणे, सुईत दोरा ओवणे यांसारखी बारीक नजरेची कामे अवघड होतात. विकार आणखी बळावला, तर रक्तपुरवठ्याअभावी पडद्यावर नव्या, ठिसूळ वाहिन्या फुटतात. त्यांतून डोळ्यात रक्तस्राव होतो किंवा पडदा ओढला जाऊन सुटतो आणि कायमचे अंधत्व येऊ शकते.

या विकाराचे घातक वैशिष्ट्य असे, की सुरुवातीची अनेक वर्षे रुग्णाला काहीच जाणवत नाही. डोळा दुखत नाही, लाल होत नाही, चश्म्याचा नंबरही बदलत नाही. चश्म्याच्या दुकानातील अक्षरांचा तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचणाऱ्या माणसाच्या दृष्टिपटलावरही गंभीर बिघाड असू शकतो.

उपचार मात्र बऱ्याच काळापासून उपलब्ध आहेत. १९७० आणि १९८०च्या दशकांत अमेरिकेत झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांनी दाखवून दिले, की योग्य वेळी केलेल्या लेझर उपचाराने दृष्टी गमावण्याचा धोका निम्म्याने किंवा त्याहूनही अधिक कमी होतो. पुढे डोळ्यात देण्याच्या इंजेक्शनांची भर पडली. परंतु हे उपचार बहुतांशी आहे ती दृष्टी राखतात. पूर्ण गेलेली दृष्टी ते सहसा परत आणत नाहीत. लक्षणांपूर्वीची दीर्घ अवस्था, ती ओळखण्याचे साधन आणि त्या वेळी गुणकारी ठरणारा उपचार, या चाळणी तपासणीच्या प्रमुख अटी विल्सन आणि युंगनर यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी १९६८ साली मांडल्या. मधुमेही नेत्रविकार या अटींत चपखल बसतो.

भारतापुरते बोलायचे, तर ‘स्मार्ट इंडिया’ या २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार ४० वर्षे व त्यावरील मधुमेहींपैकी १२.५ टक्के लोकांच्या दृष्टिपटलावर हा विकार आढळला आणि ४ टक्के लोकांत तो दृष्टीला धोका पोहोचवण्याच्या अवस्थेत होता. शंभरातले चार हा आकडा लहान वाटतो. मात्र हे चार जण कोण, हे तपासल्याशिवाय कळत नाही, आणि उरलेल्या शहाण्णव जणांच्या तपासणीचाही खर्च येतोच. किफायतशीरपणाचा सारा प्रश्न येथूनच सुरू होतो.

‘किफायतशीर’ म्हणजे काय?

स्वस्त आणि किफायतशीर हे शब्द बोलताना आपण सहज एकमेकांच्या जागी वापरतो. आरोग्यअर्थशास्त्रात ते भिन्न आहेत. एखाद्या तपासणीला माणशी किती रुपये लागतात, हा तिचा खर्च झाला. त्या खर्चातून किती आरोग्य पदरात पडले, याचे गुणोत्तर म्हणजे तिची किफायत. हे आरोग्य मोजण्यासाठी ‘क्वाली’ नावाचे एकक वापरतात. मराठीत त्याला गुणवत्तासापेक्ष आयुर्वर्ष म्हणता येईल. पूर्ण आरोग्यात जगलेले एक वर्ष म्हणजे १ क्वाली. अंधत्वात काढलेल्या वर्षाचे मोल या मापात एकापेक्षा कमी धरले जाते. दृष्टी वाचल्यामुळे जेवढी भर पडते, ती मिळालेली क्वाली. एक क्वाली मिळवण्यासाठी किती पैसा लागला, यावरून दोन पद्धतींची तुलना होते.

एक क्वालीसाठी किती खर्च परवडतो, हे देशाच्या ऐपतीवर अवलंबून असते. एका क्वालीचा खर्च दरडोई राष्ट्रीय उत्पन्नाच्या एक ते तीन पटींच्या आत असेल तर तो योजावा, असा ढोबळ संकेत बराच काळ प्रचलित होता. तो यांत्रिकपणे लावू नये, असा इशारा पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्याच पत्रिकेतून दिला गेला. भारतात असे मूल्यमापन करण्यासाठी केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागात स्वतंत्र यंत्रणाही आहे.

मधुमेही नेत्रविकार शोधून त्यावर उपचार करणे मुळात परवडते का, याचे उत्तर जॅव्हिट आणि आयेल्लो यांनी १९९६ साली अमेरिकेपुरते दिले होते : एका क्वालीमागे सरासरी ३ हजार १९० डॉलर. अमेरिकेतील आरोग्यसेवांचे दर पाहता ही रक्कम फारच कमी होती. तेव्हापासून वाद उरला तो तपासणीच्या पद्धतीचा आणि वारंवारितेचा.

तपासणीच्या चार पद्धती

पहिली पद्धत नेत्रतज्ज्ञाकडून तपासणीची. बाहुली विस्फारणारे थेंब घालून तज्ज्ञ भिंगांच्या साहाय्याने संपूर्ण दृष्टिपटल पाहतो. ही सर्वांत सखोल तपासणी होय आणि तिच्यात मोतीबिंदू, काचबिंदू हेही लक्षात येतात. पण तज्ज्ञाचा वेळ हे सर्वांत महाग आणि सर्वांत दुर्मीळ साधन आहे. ज्या शंभरातल्या शहाण्णव जणांना तातडीच्या उपचाराची गरज नाही, त्यांच्यावर तो वेळ खर्च झाला, तर गरजवंत चौघे रांगेत मागे राहतात.

दुसरी पद्धत मधुमेहावर उपचार करणाऱ्या डॉक्टरने स्वतःच ऑफ्थॅल्मोस्कोप या हातातील उपकरणाने डोळ्यात पाहण्याची. उपकरण स्वस्त, वेगळी भेट नको. परंतु एका वेळी पडद्याचा लहानसा तुकडाच दिसतो, अचूकता पाहणाऱ्याच्या सरावावर अवलंबून राहते आणि नंतर पडताळून पाहण्यास कोणतीही नोंद मागे उरत नाही. म्हणून मोठ्या कार्यक्रमांसाठी ही पद्धत मागे पडली.

तिसरी पद्धत छायाचित्राची. प्रशिक्षित तंत्रज्ञ किंवा परिचारिका फंडस कॅमेऱ्याने दृष्टिपटलाचे छायाचित्र घेते, ते दूरच्या केंद्रात पाठवले जाते आणि तेथे प्रशिक्षित वाचक त्यावरून विकाराची पायरी ठरवतात. टेबलावर ठेवण्याच्या चांगल्या कॅमेऱ्याची किंमत काही लाख रुपये असते. मात्र एका कॅमेऱ्यावर वर्षाला हजारो माणसे तपासता येत असल्याने माणशी खर्च उतरतो. कॅमेरा रिकामा पडून राहिला, तर तो तितकाच चढतो.

चौथी पद्धत हातात मावणाऱ्या किंवा स्मार्टफोनला जोडलेल्या कॅमेऱ्याची, ज्यात छायाचित्राचे वाचन कृत्रिम बुद्धिमत्ता करते. उत्तर काही क्षणांत, रुग्ण समोर बसलेला असतानाच मिळते. मुंबईत महापालिकेच्या दवाखान्यांत अशा एका प्रणालीची चाचणी झाली. तिच्यासाठी इंटरनेटचीही गरज नव्हती. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार, तज्ज्ञाकडे पाठवण्याजोगा विकार असलेले सर्व रुग्ण तिने ओळखले आणि तसा विकार नसलेल्यांपैकी ८८.४ टक्के लोकांना अचूक वगळले. नमुना २१३ जणांचा होता, म्हणजे लहानच. त्यामुळे शंभर टक्क्यांचा आकडा जपून घ्यायला हवा. तरी साध्या दवाखान्यात, आरोग्यसेविकेच्या हातून हे काम होऊ शकते, एवढे त्यातून दिसले.

अचूकतेची दोन मापे

कोणत्याही चाळणीची अचूकता दोन आकड्यांनी मोजतात. खरोखर विकार असलेल्या शंभरांपैकी कितीजण तिने पकडले, ही तिची संवेदनशीलता. विकार नसलेल्या शंभरांपैकी कितीजणांना तिने बरोबर सोडून दिले, ही तिची विशिष्टता. पहिला आकडा कमी असेल, तर दृष्टी जाते. दुसरा कमी असेल, तर इस्पितळात विनाकारण गर्दी होते. ब्रिटनमध्ये १९९७ साली ठरलेल्या मानकानुसार अशा चाळणीची संवेदनशीलता किमान ८० टक्के आणि विशिष्टता किमान ९५ टक्के असावी. मदुराईचे अरविंद नेत्र रुग्णालय आणि चेन्नईचे शंकर नेत्रालय येथे एका कृत्रिम बुद्धिमत्ता प्रणालीची प्रत्यक्ष रुग्णांवर चाचणी झाली. २०१९ साली जाहीर झालेल्या तिच्या निष्कर्षांत अरविंदमध्ये संवेदनशीलता ८८.९ आणि विशिष्टता ९२.२ टक्के, तर शंकर नेत्रालयात अनुक्रमे ९२.१ आणि ९५.२ टक्के आढळली.

तिसरा आकडा बहुधा जाहिरातीत नसतो : किती छायाचित्रे वाचताच आली नाहीत. थायलंडमधील दवाखान्यांत अशीच एक प्रणाली वापरात आणली गेली, तेव्हा पहिल्या सहा महिन्यांत १ हजार ८३८ छायाचित्रांपैकी सुमारे २१ टक्के प्रणालीने दर्जाअभावी नाकारली. प्रयोगशाळेत उत्तम ठरलेल्या यंत्राला दवाखान्यातील अपुरा अंधार मानवला नव्हता. नाकारल्या गेलेल्या रुग्णांना दुसऱ्या दिवशी दूरच्या इस्पितळात जाण्यास सांगावे लागे. आपल्याकडे ज्येष्ठांमध्ये मोतीबिंदूचे प्रमाण मोठे आहे आणि मोतीबिंदूमुळेही छायाचित्र धूसर येते. बाहुली विस्फारणारे थेंब घातल्यास असे वाया जाणारे फोटो कमी होतात; पण मग वेळ वाढतो आणि काही तास रुग्णाला वाहन चालवता येत नाही. ‘छायाचित्र वाचता आले नाही’ याचा अर्थ ‘डोळा निरोगी’ असा कधीच घ्यायचा नसतो. असा रुग्ण तज्ज्ञाकडेच गेला पाहिजे, आणि तो खर्चही हिशेबात धरला पाहिजे.

दरवर्षी की दोन वर्षांनी?

तपासणी कशाने करावी यापेक्षाही ती किती वर्षांनी करावी, याचा खर्चावर अधिक परिणाम होतो. या संदर्भात विजन आणि सहकाऱ्यांनी २००० साली अमेरिकेतील टाइप २ मधुमेहींसाठी मांडलेला हिशेब आजही उद्धृत केला जातो. तीन वर्षांऐवजी दोन वर्षांनी तपासल्यास मिळणाऱ्या प्रत्येक वाढीव क्वालीमागे ४९ हजार ७६० डॉलर लागतात. दोन वर्षांऐवजी दरवर्षी तपासल्यास हाच खर्च १ लाख ७ हजार ५१० डॉलरवर जातो. अर्थात हा झाला सरसकट सर्वांचा हिशेब. साखर अनियंत्रित असलेल्या पंचेचाळिशीतील रुग्णाला वारंवार तपासण्यातून जेवढे मिळते, त्याच्या मानाने साखर आटोक्यात असलेल्या पासष्टीतील रुग्णाला तसे तपासण्यातून फारच थोडे हाती लागते, हेही त्याच अभ्यासाने दाखवले.

लिव्हरपूलमध्ये ४ हजार ५३४ जणांवर झालेल्या चाचणीने हे सूत्र प्रत्यक्षात उतरवले. प्रत्येक रुग्णाची जोखीम मोजून त्याला ६, १२ किंवा २४ महिन्यांची मुदत देण्यात आली. २०२१ साली जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार तपासणीच्या फेऱ्या ४३ टक्क्यांनी घटल्या आणि दृष्टीला धोका असलेला विकार सापडण्यात मात्र उणीव आली नाही.

इंग्लंडचा राष्ट्रीय कार्यक्रमही याच दिशेने गेला आहे. २००३ साली सुरू झालेल्या या कार्यक्रमात १२ वर्षे व त्यावरील प्रत्येक मधुमेहीला पत्राने बोलावले जाते, थेंब घालून प्रत्येक डोळ्याची दोन छायाचित्रे घेतली जातात आणि प्रशिक्षित वाचक ती तपासतात. २००९-१० मधील अंधत्व प्रमाणपत्रांचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. किमान पन्नास वर्षांत प्रथमच मधुमेही नेत्रविकार हे इंग्लंड व वेल्समधील कामकरी वयाच्या लोकांतील अंधत्वाचे पहिले कारण राहिले नसल्याचे त्यात आढळले. या यशात साखरेच्या सुधारलेल्या नियंत्रणाचाही वाटा असू शकतो, असे अभ्यासकांनी नमूद केले आहे. सलग दोन तपासण्यांत विकार न आढळलेल्यांना ऑक्टोबर २०२३ पासून तेथे दोन वर्षांनी बोलावले जाऊ लागले.

भारतातील हिशेब

परदेशी आकडे आपल्याला जसेच्या तसे लागू पडत नाहीत. येथे उपचाराचे दर वेगळे, अंतरे वेगळी, मिळकत वेगळी. म्हणून दक्षिण भारतातील ग्रामीण दूरनेत्रसेवेवर बेतलेला आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेला राचपेल्ले व सहकाऱ्यांचा अभ्यास महत्त्वाचा ठरतो. गावात जाऊन छायाचित्रे घ्यायची आणि ती शहरातील तज्ज्ञांकडून वाचून घ्यायची, अशी ही पद्धत. कोणतीच तपासणी न करण्याच्या तुलनेत ही पद्धत आरोग्यसेवा पुरवणाऱ्याच्या दृष्टीने एका क्वालीमागे १ हजार ३२० डॉलरमध्ये पडत होती, म्हणजे किफायतशीर होती. दोन वर्षांतून एकदा तपासणी केली, तरी ती किफायतीच्या मर्यादेत राहत होती. दरवर्षी केली, तर एका क्वालीचा खर्च ३ हजार १८३ डॉलरच्या पुढे जाऊन मर्यादा ओलांडत होता.

त्याच अभ्यासाचा दुसरा निष्कर्ष अधिक विचार करायला लावणारा आहे. हिशेबात केवळ आरोग्यसेवेचा खर्च न धरता समाजाला पडणारा सारा खर्च धरला, म्हणजे रुग्णाचा आणि सोबत येणाऱ्या नातेवाइकाचा प्रवास व बुडालेला वेळही मोजला, की पाच वर्षांतून एकदापेक्षा अधिक वेळा केलेली तपासणी किफायतशीर ठरत नव्हती. सरकारी ताळेबंदात न दिसणारा हा खर्च रुग्णाच्या खिशातून जातो. काणकोण, सत्तरी किंवा पेडण्याच्या टोकाच्या गावातून बांबोळीला यायचे, थेंब घालून ताटकळायचे आणि संध्याकाळी परतायचे, म्हणजे रोजंदारीवरील माणसाचा एक दिवस जातो. सोबत मुलगा किंवा सून आली, तर दोन दिवस जातात.

या सर्व अभ्यासांतून एक समान धागा निघतो. कधीच तपासणी न झालेल्या माणसाची पहिली तपासणी ही सर्वांत अधिक मोबदला देणारी असते. त्याच माणसाला पुन्हा पुन्हा तपासत गेल्यास प्रत्येक पुढच्या फेरीतून मिळणारा लाभ घटत जातो. म्हणजे पैसा मर्यादित असेल, तर इस्पितळात नियमित येणाऱ्यांची तपासणी वर्षातून दोनदा करण्यापेक्षा कधीच न आलेल्यांपर्यंत एकदा पोहोचणे अधिक शहाणपणाचे.

कृत्रिम बुद्धिमत्तेने खर्च किती वाचतो?

यंत्राने वाचन केले, की माणसांचा पगार वाचेल आणि तपासणी फुकटात होईल, अशी एक समजूत आहे. सिंगापूरमध्ये २०१० पासून राष्ट्रीय तपासणी कार्यक्रम चालतो. तेथील आकडेवारीवर आधारित, २०२० साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात तीन पर्यायांची तुलना करण्यात आली. केवळ माणसांनी वाचन केल्यास एका रुग्णामागे वर्षाला ७७ डॉलर, केवळ यंत्राने केल्यास ६६ डॉलर आणि यंत्राने पहिली चाळणी करून संशयित छायाचित्रे माणसाने पुन्हा तपासल्यास ६२ डॉलर. सर्वांत स्वस्त ठरला तो तिसरा, मिश्र मार्ग. यंत्र एकटे असले, की निरोगी माणसेही अधिक संख्येने इस्पितळात पाठवली जातात आणि वाचनात वाचलेला पैसा तेथे जातो. मधल्या माणसाच्या नजरेने ही नाहक रवानगी रोखली जाते. शिवाय वाचन हा खर्चाचा केवळ एक भाग आहे. छायाचित्र घेणारा हात, थेंब, खोली, वीज, नोंदी, रुग्णाला बोलावणे हे सारे यंत्र आले तरी राहतेच.

गळती : हिशेबातील निसटणारी बाजू

चाळणीने दृष्टी वाचत नाही. ती वाचते उपचाराने. विकार सापडलेला माणूस लेझरच्या खुर्चीपर्यंत पोहोचला नाही, तर तपासणीचा सारा खर्च पाण्यात जातो. एक कल्पित उदाहरण घेऊ. एका तालुक्यात १ हजार मधुमेहींची तपासणी झाली. ‘स्मार्ट इंडिया’च्या प्रमाणानुसार त्यांतील ४० जणांच्या दृष्टीला धोका आहे. खालील इतर सर्व आकडे केवळ समजण्यासाठी गृहीत धरले आहेत.

पहिल्या पद्धतीला माणशी १०० रुपये लागतात. तिची संवेदनशीलता आणि विशिष्टता दोन्ही ९० टक्के. ती ४० पैकी ३६ रुग्ण पकडते आणि ९६ निरोगी लोकांनाही संशयित ठरवते. एकूण १३२ जणांना चिठ्ठी मिळते. पण पुढे कोणी विचारपूस करत नसल्याने निम्मेच इस्पितळात जातात. उपचार मिळतात १८ जणांना. १ लाख रुपये खर्चून १८ रुग्ण, म्हणजे एकामागे सुमारे ५ हजार ५५६ रुपये.

दुसऱ्या पद्धतीला माणशी १३० रुपये लागतात, कारण तिच्यात रुग्णाला वेळ ठरवून देणे आणि नंतर फोन करून पाठपुरावा करणे समाविष्ट आहे. तिची संवेदनशीलता ८०, विशिष्टता ९५ टक्के. ती ३२ रुग्ण पकडते, ४८ निरोगी लोकांना संशयित ठरवते. चिठ्ठी मिळालेल्या ८० जणांपैकी पाचातले चार इस्पितळात पोहोचतात, म्हणजे सुमारे २६ रुग्णांना उपचार मिळतात. १ लाख ३० हजार रुपयांत २६ रुग्ण, एकामागे ५ हजार रुपये. यंत्र कमी संवेदनशील, तपासणी महाग; तरीही अधिक डोळे वाचले आणि प्रत्येकामागील खर्चही कमी झाला. फरक पडला तो केवळ पाठपुराव्याने. शिवाय इस्पितळाच्या दारात निरोगी माणसांची गर्दीही कमी झाली.

केरळमध्ये तिरुवनंतपुरम जिल्ह्यातील कुटुंब आरोग्य केंद्रांत चाललेला ‘नयनामृतम्’ उपक्रम याच दृष्टीने पाहण्याजोगा आहे. तेथे मधुमेहाची औषधे घेण्यासाठी येणाऱ्या रुग्णाचेच छायाचित्र केंद्रातील परिचारिका घेतात आणि त्याचे वाचन प्रादेशिक नेत्रसंस्थेत होते. रुग्णाला डोळ्यांसाठी निराळी वारी करावी लागत नाही आणि ज्या केंद्रात त्याची नोंद आहे, तेच त्याला पुढे पाठवते.

गोव्यासाठी याचा अर्थ

मधुमेहाचे प्रमाण जेथे जास्त, तेथे एका कॅमेऱ्यामागे अधिक रुग्ण मिळतात, तो रिकामा राहत नाही आणि माणशी खर्च घटतो. त्यामुळे देशात सर्वाधिक प्रमाण असलेले हे लहान राज्य अशा कार्यक्रमासाठी आर्थिकदृष्ट्या अनुकूल आहे. अंतरे तुलनेने कमी आहेत. प्राथमिक व सामाजिक आरोग्य केंद्रे, म्हापसा व मडगाव येथील जिल्हा इस्पितळे आणि गोमेकॉ अशी उतरंड हाताशी आहे. मधुमेहाच्या बाह्यरुग्ण विभागाच्या दिवशीच केंद्रात छायाचित्र, यंत्र व माणूस यांचे मिश्र वाचन, आणि संशयित रुग्णाला जागच्या जागी इस्पितळातील वेळ ठरवून देणे, हा वरील अभ्यासांतून सुचणारा क्रम आहे.

अशा कोणत्याही योजनेचे यश ‘अमुक हजार लोकांची तपासणी केली’ या आकड्यावरून जोखू नये. त्यांतील किती जण पहिल्यांदाच तपासले गेले, किती छायाचित्रे वाचता आली नाहीत, चिठ्ठी मिळालेल्यांपैकी किती जण महिन्या-दोन महिन्यांत इस्पितळात पोहोचले आणि कितींवर उपचार पूर्ण झाले, हे चार आकडे विचारले पाहिजेत. शिबिराच्या उद्घाटनाच्या बातमीत ते नसतात, पण दृष्टी वाचली की नाही हे त्यांवरूनच कळते.

वाचकांसाठी

किफायतीचा हिशेब धोरण आखणाऱ्यांसाठी असतो. दोन किंवा पाच वर्षांचे वरील आकडे वाचून कोणी स्वतःची तपासणी पुढे ढकलू नये. आपली मुदत आपल्या डॉक्टरांनीच ठरवावी. सर्वसाधारण वैद्यकीय शिफारशी अशा आहेत :

• टाइप २ मधुमेहाचे निदान होताच दृष्टिपटलाची पहिली तपासणी करावी. निदानापूर्वीच अनेक वर्षे साखर वाढलेली असू शकते.

• टाइप १ मधुमेहात ती पाच वर्षांच्या आत करावी.

• आधीपासून मधुमेह असलेल्या स्त्रीने गर्भधारणा होताच पहिल्या तिमाहीत तपासणी करावी.

• विकार आढळला नाही आणि साखर आटोक्यात असली, तर पुढील तपासणी एक ते दोन वर्षांनी. विकार आढळल्यास डॉक्टर सांगतील तितक्या लवकर.

• चश्म्याचा नंबर काढणे म्हणजे दृष्टिपटलाची तपासणी नव्हे. ‘डोळ्याचा पडदा तपासला का?’ असे स्पष्ट विचारावे.

• डोळ्यासमोर अचानक काळे ठिपके, जाळी किंवा पडदा आल्यास ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी इस्पितळ गाठावे.

साखर, रक्तदाब आणि रक्तातील चरबी आटोक्यात ठेवली, तर हा विकार उशिरा येतो आणि हळू वाढतो. त्या प्रयत्नांना जोड हवी ती एका छायाचित्राची आणि त्यानंतर हाती पडलेली चिठ्ठी खिशात न ठेवता तज्ज्ञापर्यंत नेण्याची.